ठिणगीचा धातू : सिरियमचे गुणधर्म व त्याची सुरक्षित हाताळणी



अग्नी निर्माण करण्याची कला माणसाला फार प्राचीन काळी साध्य झाली. सातपुड्याच्या पाड्यांतून आगपेटी पोहोचण्यापूर्वी चकमक, गारगोटी आणि कापूस एवढ्या तीन वस्तूंवर चूल पेटत असे. गारगोटीवर लोखंडी पट्टी आपटली की ठिणगी उडे आणि ती कापसात धरून फुंकर घातली की विस्तव तयार होई. आज खिशातल्या लायटरचे चाक अंगठ्याने फिरवले की तीच ठिणगी क्षणार्धात उडते. लायटरमधील त्या बारीक कांडीला लोक 'लायटरचा दगड' म्हणतात. वस्तुतः तो दगड नव्हे. तो एक मिश्रधातू असून त्यातील प्रमुख घटकाचे नाव सिरियम असे आहे.

या दोन ठिणग्यांमधील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. जुन्या चकमकीत गारेची कठीण धार लोखंडाचा सूक्ष्म कण खरवडून काढते आणि घर्षणाने तापलेला तो लोखंडाचा कण हवेत जळतो. लायटरमध्ये पोलादी चाक हे खरवडणारे साधन असते आणि जळतो तो 'दगड'च. म्हणजे आपण ज्याला निर्जीव खडा समजतो तोच येथे इंधन असतो. या एका गोष्टीत सिरियमचे सर्व गुण आणि त्याच्यापासून संभवणारे सर्व धोके सामावलेले आहेत.

विरल, तरीही विपुल

सिरियम हा 'विरल मृदा' किंवा 'दुर्मीळ मृदा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १७ मूलद्रव्यांच्या कुटुंबातील धातू होय. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५ मूलद्रव्ये आणि त्यांच्याशी गुणांनी जवळची असलेली स्कँडियम व इट्रियम ही दोन मिळून हे कुटुंब होते. यांतील 'विरल' हे विशेषण मात्र फसवे आहे. भूकवचाच्या एक टन खडकात सरासरी ६० ग्रॅमच्या आसपास सिरियम असते. हे प्रमाण तांब्याच्या जवळपास आणि शिशाहून कितीतरी अधिक आहे. अडचण इतकीच की ही मूलद्रव्ये एके ठिकाणी भरपूर साठलेली क्वचितच आढळतात, आणि आढळली तरी एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की त्यांना वेगळे करणे हे अतिशय किचकट काम ठरते. विरळ आहे ती ही शुद्धीकरणाची विद्या.

सिरियमचा शोध १८०३ मध्ये लागला. स्वीडनमध्ये बर्झेलियस व हिसिंगर यांनी आणि जर्मनीत क्लाप्रोट यांनी तो स्वतंत्रपणे लावला. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १८०१ मध्ये, आकाशात 'सिरीस' हा लघुग्रह सापडला होता. त्यावरून या मूलद्रव्याला नाव मिळाले. परंतु सापडले होते ते ऑक्साइड. शुद्ध स्वरूपातील धातू हाती येण्यास १८७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हिलेब्रँड व नॉर्टन यांनी विद्युत्-अपघटनाने तो मिळवला. ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवण्याची या धातूची वृत्तीच या विलंबाला कारणीभूत होती.

नर्मदेपलीकडचा डोंगर

नंदुरबार जिल्ह्यातील श्रोत्यांना हा विषय दूरदेशीचा वाटण्याचे कारण नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. तिच्या पलीकडे, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात, अंबाडुंगर नावाचा डोंगर आहे. १९६३ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील भूशास्त्राचे प्राध्यापक आर. एन. सुखेश्वाला आणि अणुखनिज विभागाचे जी. आर. उदास यांनी हा डोंगर 'कार्बोनेटाइट' या असाधारण खडकाचा असल्याचे दाखवून दिले. सर्वसाधारण ज्वालामुखी खडक सिलिकेटांचे बनतात. कार्बोनेटाइट मात्र कार्बोनेटांनी भरलेल्या शिलारसापासून तयार होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या ज्वालामुखी घडामोडींतून आपल्या जिल्ह्यातील काळा पाषाण आणि काळी जमीन जन्मास आली, त्याच कालखंडाशी अंबाडुंगरचे नाते आहे.

या डोंगराच्या परिसरात फ्ल्युओरस्पार या खनिजाचे उत्खनन पूर्वीपासून झाले आहे. त्याच्या खडकांत विरल मृदा मूलद्रव्येही आहेत आणि त्यांत सिरियम, लँथॅनम व निओडिमियम ही हलकी मूलद्रव्ये प्रामुख्याने आढळतात. गुजरात खनिज विकास महामंडळाने त्यांच्या विकासाच्या दृष्टीने तयारी चालवली आहे. खाण, पाणी, जमीन आणि रोजगार यांविषयीचे प्रश्न अशा वेळी आदिवासी भागातील ग्रामसभांपुढे येतात. ज्या मूलद्रव्याविषयी निर्णय घ्यावयाचा त्याची ओळख निर्णय घेणाऱ्यांना असावी, हे लोकशाहीच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

एक खुलासा मात्र येथेच केला पाहिजे. खडकातील सिरियम पेट घेत नाही. तेथे ते ऑक्सिजन, कार्बन, फ्ल्युओरीन यांच्याशी संयोग पावून शांत झालेले असते. पेट घेतो तो कारखान्यात या बंधनातून मोकळा केलेला धातू. खाणीच्या परिसरात दक्षता घ्यावी लागते ती धूळ, सांडपाणी आणि या खनिजांसोबत अनेकदा आढळणारे थोरियम यांबाबत. धातूच्या ज्वलनशीलतेचा प्रश्न त्यापुढच्या टप्प्यावर, धातू तयार झाल्यानंतर उद्भवतो.

गुणधर्म

नुकतेच कापलेले सिरियम करड्या-रुपेरी रंगाचे आणि चकचकीत दिसते. ते इतके मऊ असते की सुरीने कापता येते. त्याचा अणुक्रमांक ५८, पाण्याच्या तुलनेत घनता सुमारे पावणेसात पट आणि द्रवणांक ८०० अंश सेल्सियसच्या किंचित खाली आहे. हवेत ठेवल्यास त्याची चकाकी लवकरच नाहीशी होते आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचे पूट चढते.

असे पूट ॲल्युमिनियमवरही चढते, परंतु तेथे ते धातूला घट्ट चिकटून आतील भागाचे रक्षण करते. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची पातेली वर्षानुवर्षे टिकतात ती यामुळेच. सिरियमवरील पूट मात्र भुसभुशीत असून त्याचे पापुद्रे सुटतात. आतला ताजा धातू पुन्हा उघडा पडतो आणि गंजण्याची क्रिया चालूच राहते. सेंटिमीटरभर आकाराचा सिरियमचा तुकडा उघड्यावर ठेवला तर साधारण वर्षभरात तो पूर्णपणे गंजून त्याची भुकटी होते.

पाण्याशीही या धातूचे पटत नाही. थंड पाण्यात त्याची क्रिया संथ, तर गरम पाण्यात वेगाने होते आणि दोन्ही वेळी हायड्रोजन वायू मुक्त होतो. हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. याच कुटुंबातील युरोपियम हा धातू तर सर्वांत क्रियाशील असून पाण्याशी त्याची क्रिया कॅल्शियमसारखी जोमदार होते. याउलट गॅडोलिनियम, ल्युटेशियम यांसारखी काही भावंडे कोरड्या हवेत बरीच स्थिर राहतात. तेव्हा एका धातूचा अनुभव दुसऱ्याला सरसकट लावणे योग्य नव्हे.

तुकडा आणि भुकटी

धातूचा अखंड गोळा आणि त्याचाच कीस यांच्या वर्तनात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नंदुरबारच्या मिरची बाजाराशी परिचित असलेल्यांना हे सहज पटेल. अख्ख्या मिरच्यांचे ढीग उपसता येतात, परंतु तीच मिरची कुटायला घेतली की चार घरांना ठसका लागतो. मिरचीचा तिखटपणा वाढलेला नसतो. तिचा हवेशी आलेला संबंध वाढलेला असतो.

हे गणिताने मांडता येते आणि वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर त्यांचा एकत्रित पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर होतो. बाजू मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी केली, तर तो ६०० चौरस सेंटिमीटरवर जातो. धातू तेवढाच राहतो, परंतु ऑक्सिजनला सापडणारी जागा शंभरपट होते. ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निघते. मोठ्या गोळ्यात ती आत पसरून जाते. बारीक कणात तिला जायला वाव नसतो. कण तापतो, तापल्याने क्रिया वाढते आणि कण पेटतो. सिरियम नुसते खरवडले तरी त्याचा कीस ठिणग्या होऊन उडतो तो यामुळे. मोठा तुकडाही १५० अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की जळू लागतो.

या अवगुणाचाच गुण करून घेतला तो ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी. १९०३ मध्ये त्यांनी सिरियम व लोखंड यांच्या ठिणगी देणाऱ्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. लायटरचा 'दगड' तो हाच. लोखंडामुळे तो कठीण होतो आणि हाताळण्यास बराच सुरक्षित बनतो. आयटीआयमध्ये वेल्डिंगचा वायू पेटवण्यासाठी वापरतात त्या ठिणगी-साधनातही हाच मिश्रधातू असतो.

गॅसबत्तीपासून सौरदिव्यापर्यंत

प्रकाशाशी सिरियमचे नाते याहून जुने आहे. खेडोपाडी वीज पोहोचण्यापूर्वी लग्नाची वरात, तमाशाचा फड, भजन आणि जत्रा यांना उजेड दिला तो पेट्रोमॅक्सने. तिच्यातील मँटल हेही वेल्सबाख यांचेच संशोधन. १८९१ मध्ये त्यांनी ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि अवघे १ टक्का सिरियम ऑक्साइड असे मँटलचे प्रमाण निश्चित केले. नुसत्या थोरियमचा उजेड मंद पडतो. सिरियमचा तो एक टक्काच त्याला शुभ्र व प्रखर करतो.

आज अक्राणीच्या दुर्गम पाड्यांतही सौरदिवे दिसतात. त्यांतील एलईडीमध्ये प्रत्यक्षात निळा प्रकाश निर्माण होतो. त्यावर लावलेल्या पिवळसर लेपामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. इट्रियम व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडात अल्प प्रमाणात सिरियम मिसळून हा लेप सामान्यतः तयार करतात. गॅसबत्ती गेली आणि सौरदिवा आला, परंतु उजेड पांढरा करण्याचे काम सिरियमकडेच राहिले. याशिवाय चष्म्याच्या व इतर काचांना झिलई देण्यासाठी, मोटारींच्या धुरातील विषारी वायू निवळण्यासाठी आणि पोलाद व ओतीव लोखंड सुधारण्यासाठीही त्याचा उपयोग होतो.

या विद्येत भारताने लवकर पाऊल टाकले. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. केरळातील आलुवा येथे १९५२ पासून मोनाझाइट वाळूवर प्रक्रिया होऊ लागली. १९५५ मध्ये मुंबईजवळ तुर्भे येथे थोरियमचा कारखाना उभा राहिला. तेथील थोरियम नायट्रेटचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मँटलचे उत्पादक. १९६३ पासून ही कंपनी पूर्णपणे केंद्र सरकारच्या मालकीची असून तिचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही विरल मृदा धातू व त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा मोटार उद्योगाला त्याची झळ पोहोचली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या चुंबकांच्या देशी उत्पादनासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. येत्या काळात या धातूंशी आपल्या तरुण तंत्रज्ञांचा संबंध वाढत जाणार हे उघड आहे. त्यांच्या हाताळणीची शिस्त शाळेपासूनच लागली पाहिजे.

हाताळणीची शिस्त

शुद्ध सिरियम साठवताना त्याचा हवेशी व ओलाव्याशी संबंध तोडणे हा पहिला नियम. त्यासाठी ते कोरड्या खनिज तेलात बुडवून किंवा अरगॉनसारख्या निष्क्रिय वायूत बंद करून ठेवतात. कापणे, घासणे वा भोक पाडणे ही कामे प्रशिक्षित माणसानेच, चष्मा व हातमोजे घालून, जवळ ज्वालाग्राही पदार्थ नाहीत याची खात्री करून करावीत. कीस साचू देऊ नये. तो कागदाच्या वा चिंध्यांच्या कचऱ्यात टाकणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय.

आपल्या माध्यमिक शाळांत व आश्रमशाळांत सिरियम सहसा असत नाही. परंतु सोडियम असते, मॅग्नेशियमची फीत असते आणि क्रियाशील धातूंचा पाठ अभ्यासक्रमात असतो. नियम तेच लागू पडतात. सोडियमची बाटली रॉकेलने किंवा द्रव पॅराफिनने भरलेली आहे की नाही हे दर महिन्याला पाहावे. तेल आटून धातू उघडा पडला असेल तर विद्यार्थ्यांना ती बाटली हाताळू देऊ नये. प्रयोगासाठी वाटाण्याहूनही लहान तुकडा घ्यावा, तो शिक्षकांनी स्वतः चिमट्याने उचलावा आणि विद्यार्थ्यांना अंतरावर ठेवावे. उरलेले तुकडे मोरीत, गटारात किंवा विहिरीत कधीही टाकू नयेत.

सर्वांत महत्त्वाचा नियम आगीविषयीचा आहे. आग दिसली की पाणी ओतावे हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार. लाकूड, गवत, कापूस यांच्या बाबतीत तो योग्यच आहे. पेटलेल्या धातूवर मात्र पाणी कधीही टाकू नये. तापलेला धातू पाण्यातील ऑक्सिजन हिसकावून घेतो, मोकळा झालेला हायड्रोजन भडकतो आणि जळते कण चहूकडे उडतात. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडेही येथे निरुपयोगी ठरते, कारण हा धातू त्या वायूतील ऑक्सिजनही ओढून घेतो. कचेऱ्यांत नेहमी दिसणारी एबीसी वर्गाची भुकटीही या आगीसाठी नाही. धातूंच्या आगीसाठी डी वर्गाची खास भुकटी मिळते. ती नसेल तर पूर्ण कोरडी वाळू किंवा कोरडे मीठ अलगद पसरून आग झाकावी आणि थंड होईपर्यंत उकरू नये. 'कोरडी' हा शब्द येथे निर्णायक आहे. नदीतून आणलेली, पावसात भिजलेली वाळू ओतणे म्हणजे पाणीच ओतणे. प्रयोगशाळेतील वाळूची बादली झाकलेली असावी आणि पावसाळ्यानंतर तिच्यातील वाळू उन्हात वाळवून पुन्हा भरावी. या कामाला खर्च येत नाही.

कातडीवर धातूचे कण पडले तर प्रथम ते कोरड्या ब्रशने किंवा कापडाने झटकावेत आणि मग भरपूर पाण्याने जागा धुवावी. डोळ्यांत गेल्यास पाण्याने सतत धुवावेत. भाजल्यास त्या भागावर सुमारे वीस मिनिटे थंड पाण्याची धार धरावी. शाई, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर ठळक लिहिलेला असावा.

भंगार, जत्रा आणि घर

पंचायत सदस्यांनी लक्ष घालावे अशी आणखी काही ठिकाणे आहेत. जुने स्पीकर, संगणकाच्या हार्ड डिस्क आणि विजेवरील वाहनांच्या मोटारी यांत निओडिमियमचे बलवान चुंबक असतात. वर निकेलचा मुलामा असल्याने ते निरुपद्रवी दिसतात, पण ठिसूळ असतात आणि घासले वा भोक पाडले तर त्यांची भुकटी पेट घेऊ शकते. भंगाराच्या दुकानांत ग्राइंडर चालवणाऱ्यांना हे माहीत असणे जरूर आहे. असे दोन लहान चुंबक मुलाने गिळले तर ते आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना खेचून गंभीर इजा करतात. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जावा.

क्वचित कोठे गॅसबत्ती वापरात असेल, तर थोरियमच्या मँटलची राख फुंकू नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि नवे मँटल प्रथम पेटवताना ते उघड्यावर पेटवून धुरापासून दूर राहावे. थोरियम किरणोत्सर्गी आहे. त्याचा बाहेरून होणारा परिणाम अल्प असला तरी ती धूळ श्वासावाटे शरीरात जाणे इष्ट नाही. परदेशांतील अनेक उत्पादकांनी याच कारणाने थोरियमऐवजी इट्रियम वापरण्यास सुरुवात केली.

लायटरबाबत भय बाळगण्याचे कारण नाही. त्यातील 'दगड' काढून फोडण्याचा, कुटण्याचा वा विस्तवात टाकण्याचा खेळ मुलांना करू देऊ नये, एवढे पुरेसे आहे.

ज्या वस्तूचे ज्ञान असते तिचे भय उरत नाही आणि तिच्याविषयी निष्काळजीपणाही उरत नाही. सिरियम हवेत गंजते, पाण्याशी भांडते आणि खरवडल्यावर पेटते. हे तीन गुण ज्याला समजले त्याला हाताळणीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. प्रत्येक शाळेने आपली सोडियमची बाटली आणि वाळूची बादली एकदा तपासावी, प्रत्येक आयटीआयने धातूंच्या आगीचा एक पाठ प्रात्यक्षिकासह घ्यावा आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातील भंगार कोठे जाते याची चौकशी करावी. खर्च थोडा आणि लाभ मोठा, अशी ही कामे आहेत. ती आपल्या जिल्ह्यात पुढील शैक्षणिक सत्रापूर्वी पूर्ण व्हावीत, एवढीच अपेक्षा.